आईच्या खोलीतली खरखर

त्याच्या शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी टेस्टर लटकलेला असे, म्हणून ऑफिसात आणि इमारतीत सगळे त्याला ‘टेस्टर’च म्हणत. मिक्सर असो, इस्त्री असो, लिफ्टची घंटा असो, बिघडलेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यापासून तिच्यासाठी त्याने काय काय केलं होतं! उशीजवळ हात टेकवला की स्वयंपाकघरात वाजणारी बेल, पंख्याचा वेग बदलणारं बटण, आणि भंगारातून उचलून जिवंत केलेला रेडिओ.

हा रेडिओ त्याच्या टेबलावर गुणी बाळासारखा वाजायचा. आईच्या खोलीत आणून ठेवल्यापासून मात्र रोज सकाळी साडेआठला, तो तिला भरवत असताना, अचानक ‘टर्र टर्र टर्र’ करायचा. मोबाईलवर फोन चालू असला की रेडिओ असाच कुरकुरतो, हे त्याला पाठ होतं. पण त्याचा मोबाईल बाहेरच्या खोलीत होता आणि आईकडे मोबाईल नव्हताच.

तिसऱ्या दिवशी त्याने घास बाजूला ठेवला आणि रेडिओ हातात धरून खोलीभर फिरला. कपाटापाशी आवाज कमी, खिडकीपाशी आणखी कमी. पलंगामागे, बेलचा पांढरा अडॅप्टर लावला होता तिथे, रेडिओ नुसता किंचाळला.

जुन्या अडॅप्टरचा कोपरा तुटला होता. त्याने स्वतः चिकटवला होता. हा कोपरा अखंड होता. उघडला तर आत वाटाण्याएवढा माईक आणि सिमकार्ड. कोणीतरी रोज या सिमवर फोन लावून त्याचं घर ऐकत होतं.

कोण? वरच्या मजल्यावरच्या काकू? व्यायाम करवून घेणारे डॉक्टर? का आईला दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी? मागच्या महिन्यात दोन दिवस राहून गेलेली ताई त्याच्या डोक्यात आलीसुद्धा नाही. मावशींवर येऊन संशय घट्ट बसला. साडेआठला त्या वाटेत असायच्या, हातात मोबाईल. नऊला आल्या की न सांगता कसं कळायचं त्यांना, आज आई जेवली नाही ते?

त्याने अडॅप्टर पुन्हा जागेवर लावला. मावशी न्हाणीघरात गेल्या तेव्हा त्यांची पिशवी उघडून पाहिली. आत फणी, चष्मा, डबा. हाती काही लागलं नाही म्हणून तर त्याचा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी रेडिओ टर्रटर्रला. त्याने आईकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, “आई, उद्यापासून मावशींना येऊ नका म्हणतो. त्यांचं काम मला पटत नाही.”

नऊला मावशी आल्या, हात धुतले, “आज पोळी मऊ केली होती ना?” म्हणाल्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तो दाराबाहेर जिन्यात बूट घालत होता, तेवढ्यात ताईचा फोन.

“काय रे, मावशींना कशाला काढतोस? चांगल्या आहेत की!”

“तुला कोणी सांगितलं?”

त्याने हातातली बुटाची नाडी सोडून दिली.

“ताई, अडॅप्टर तू बदललास?”

“हो,” ती म्हणाली. “दोन महिन्यांपूर्वी माझ्याशी बोलून झाल्यावर फोन बंद करायला विसरलास तू. आईने वाटी सांडली म्हणून तिच्यावर ओरडत होतास. असं ओरडत होतास की मी तशीच ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणालास, सगळं छान चाललंय.”

तो जिन्यातच बसला. ती वाटी त्याला आठवली. आईचा मिटलेला चेहराही आठवला.

“मग? काय ऐकलंस?”

“पहिल्या आठवड्यात दोनदा ओरडलास. नंतर नाही. तरी मला बंद करवेना.”

त्याला राग आला होता, पण तो राग कुणावर काढावा ते समजेना. शेवटी म्हणाला, “मला झेपत नाही गं. चार महिने झाले, मी सलग झोपलो नाही.”

“हे तू मला एकदा तरी बोललास का?”

“तूही नाही विचारलंस. चोरून ऐकलंस.”

ताई रडत होती. शनिवारी ती आली आणि महिन्यातले पंधरा दिवस आईला आपल्या घरी न्यायचं ठरवून टाकलं. दोघं एकमेकांशी जपून, मोजूनमापून बोलत होती.

त्याआधी, फोन आला त्याच संध्याकाळी, त्याने मावशींना पिशवीचं सांगून टाकलं.

“कळलं होतं मला,” मावशी म्हणाल्या. “डबा उलटा ठेवला होता तुम्ही. मी कालपासून वाट बघतेय, कधी बोलाल म्हणून.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. पुन्हा शंका आली तर तोंडावर विचारा.”

एवढं बोलून त्यांनी आईला कुशीवर वळवलं आणि त्याला उशी धरायला सांगितली.