कँटीनमधला लाल पारा

१४ ऑक्टोबर १९९८, बुधवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. एकूण पगारदार २१२, सभासद २११. नेमक्या या वेळी माझा लाल पारा शंभराच्या रेघेपर्यंत रंगवण्यात आला. माझी पट्टी साठ इंचांची असल्यामुळे ही चूक पाव इंचाहून किंचित जास्त भरत होती. मित्रांनो, मी खोटे बोललो ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेही एवढेसेच.

मी एक जुना फळा आहे. ओहायो राज्यातल्या एका नदीकाठच्या गावी, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, कॉफीच्या यंत्राच्या डाव्या बाजूला मी एकोणीस वर्षे टांगलेला होतो. माझा आकार तापमापीसारखा आहे : खाली गोल फुगा, वर उभी नळी आणि दर दहा टक्क्यांना एक काळी रेघ. मला जागचे हलता येत नाही. म्हणून माझ्यासमोर जे घडले किंवा माझ्या कानांवर आले, तेवढेच मी सांगणार आहे.

मला कॅझ वोज्निक यांनी घडवले. ते फाउंड्रीसाठी लाकडी साचे तयार करीत. साच्यात केसाएवढी चूक राहिली तर ओतलेला व्हॉल्व्ह भंगारात जातो, त्यामुळे त्यांच्या हाताला चूक ठाऊक नव्हती. १९८४ च्या मार्च महिन्यात त्यांनी पॉप्लरच्या चार फळ्या एकमेकींत खाचा बसवून जोडल्या, तीन वेळा घासल्या आणि जवसाचे तेल पाजले. आकडे त्यांनी रंगाने काढले. तळाची एक ओळ मात्र पटाशीने कोरली : ‘सहभाग ऐच्छिक आहे. नकार दिल्यास नोकरीवर काहीही परिणाम होणार नाही.’ कोणी तरी विचारले, एवढी मेहनत कशाला? तेव्हा ते म्हणाले, “रंग पुसला जातो. हे वाक्य पुसलं जायला नको.”

माझे काम सोपे होते. कायद्यानुसार कंपनीला स्वतःच्या तिजोरीतून खासदाराच्या निवडणुकीला पैसे देता येत नाहीत. म्हणून कारखान्यातल्या पगारदारांनी, म्हणजे अभियंते, पर्यवेक्षक आणि हिशेबनिसांनी, पगारातून स्वखुशीने दर पंधरवड्याला काही डॉलर द्यायचे, ते कर्मचाऱ्यांच्या निधी-समितीत जमा व्हायचे आणि समितीने ते कंपनीच्या हिताच्या उमेदवारांना पोचवायचे, अशी रीत होती. दर सप्टेंबरात सहीसाठी कार्डे वाटली जात. तासावर काम करणाऱ्यांना कार्ड मिळत नसे. कायद्याने त्यांना असे सरसकट विचारता येत नाही. पगारदारांपैकी किती जण सही करून सभासद झाले, ते मी दाखवायचो. ज्या कारखान्याचा पारा शंभराला टेके, तिथल्या पगारदारांना मुख्यालयाकडून स्टेकचे जेवण आणि फाटकाजवळ गाडी लावायला जागा मिळे. ओहायोच्या हिवाळ्यात त्या जागेची किंमत स्टेकपेक्षा जास्त.

सुरुवातीची वर्षे मानाची गेली. माणसे कॉफीचा पेला हातात धरून माझ्यासमोर उभी राहत आणि म्हणत, “यंदा ऐंशी पार!” त्यांत लोर्ना टिबेट नेहमी असायच्या. चाचणीखोलीच्या त्या पर्यवेक्षक. प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबाखाली तपासला जाई आणि लोर्नाबाईंची सही झाल्याखेरीज एकही नग फाटकाबाहेर जात नसे. या खुर्चीपर्यंत पोचायला त्यांना एकोणीस वर्षे लागली होती. त्या खोलीत एवढ्या वर चढलेल्या त्या पहिल्या बाई. अकरा वर्षे त्यांनी कार्डावर सही केली आणि दरवर्षी सही झाली की माझ्या फुग्यावर टिचकी मारून त्या म्हणत, “चढ रे बाबा.”

बाराव्या वर्षी टिचकी वाजली नाही.

झाले होते असे. समितीने कोणाकोणाला मदत केली याची यादी दरवर्षी माझ्या शेजारच्या सूचनाफलकावर लागे आणि ती कोणीच वाचत नसे. लोर्नाबाईंनी त्या सप्टेंबरात ती वाचली. यादीत पहिले नाव आमच्या मतदारसंघाच्या खासदारांचे होते. फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीची मर्यादा निम्म्यावर आणणारा नियम याच गृहस्थांनी चार वर्षे अडवून धरला होता. लोर्नाबाईंचा धाकटा भाऊ डेल त्याच धुळीत बावीस वर्षे राबला होता आणि आता त्याला जिन्याच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबावे लागत होते. बाईंनी यादीवर बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही. मग त्यांनी कोरे कार्ड परत केले.

बाकी सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. चौदा वर्षांत पहिल्यांदाच शंभरी हाताशी आली होती.

“काय बाई, आमचं स्टेक खाल्लंस की गं तू!” लेखाविभागातला एक जण कॉफी ओतता ओतता म्हणाला.

“दात शाबूत आहेत माझे. तुझे सांभाळ,” लोर्नाबाई म्हणाल्या. सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा कोणी तरी म्हणाले, तेव्हा कोणी हसले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर त्या एकट्याच जेवत होत्या.

त्या बुधवारी सकाळी कारखान्याचे व्यवस्थापक ग्रँट पेलहॅम स्वतः कॅझना घेऊन माझ्यासमोर आले.

“वरपर्यंत रंगवून टाक.”

“एक कमी आहे, साहेब.”

“शुक्रवारी नऊला मुख्यालयाची माणसं येतायत. ओला रंग दाखवू का त्यांना? लोर्ना करेल सही. अकरा वर्षं केलीय तिने.”

कॅझनी कुंचला बुडवला. वरचा पाव इंच रंगवायला त्यांना एक मिनिटही लागले नाही.

गुरुवारी दुपारी कँटीन रिकामे झाल्यावर पेलहॅमनी लोर्नाबाईंना माझ्यासमोरच्या टेबलावर बसवले आणि कॉफी स्वतः आणून दिली.

“लोर्ना, तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. हे तर भिंतीवरच लिहिलंय.”

“वाचलंय मी.”

“वर्षातून एक डॉलर लिहा. आकड्याला काही नसतं. नाव महत्त्वाचं.”

“माझंही तेच म्हणणं आहे, मिस्टर पेलहॅम. नाव महत्त्वाचं. म्हणून तर देत नाही.”

“हे तुमच्या भावावरून चाललंय का? अहो, तो खासदार आला म्हणून ही भट्टी पेटती आहे. नियम उद्या लागू झाला तर फाउंड्री परवा बंद. मग डेलच्या दवाखान्याचं बिल कोण भरणार?”

“आता कोण भरतंय?” बाईंनी विचारले.

बाई उठल्या, कॉफीला हात न लावता. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि भरलेला पारा त्यांना दिसला. “अच्छा. म्हणजे माझी सही झाली म्हणायची,” एवढेच म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला सूचनाफलकावर एक कागद लागला. विभागाच्या फेररचनेमुळे चाचणीखोलीच्या पर्यवेक्षकाचे पद आजपासून रद्द करण्यात येत आहे. श्रीमती टिबेट त्याच खोलीत वरिष्ठ तपासनीस म्हणून तासाच्या दराने काम पाहतील. प्रमाणपत्रांवर यापुढे उत्पादन विभाग सही करील. नोकरी गेली नव्हती. खुर्ची गेली होती, सही गेली होती.

कागद वाचून कॅझ खरवडणी घेऊन आले. “साहेब, वरचा पाव इंच काढून टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे. खरं ते दिसू दे.”

“रंग राहू दे,” पेलहॅम म्हणाले. “खालचा आकडा बदल.”

माझ्या फुग्याखाली एकूण पगारदारांची संख्या पत्र्याच्या अंकांनी टांगलेली असे. कॅझनी खरवडणी खिशात घातली. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मग त्यांनी शेवटचा दोन काढला आणि त्या जागी एक अडकवला. ज्या हातांना केसाएवढी चूक ठाऊक नव्हती, त्या हातांनी माझा हिशेब बिनचूक करून दिला. आता मी खोटे बोलत नव्हतो. मला खरे ठरवण्यासाठी एक माणूस मोजणीतून काढण्यात आला होता.

नऊ वाजता पाहुणे आले, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. बारा वाजता पगारदार स्टेक जेवायला गेले आणि तासावरचे आपापले डबे उघडून बसले. लोर्नाबाई त्यांच्यात होत्या. जेवण झाल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. कॅझ कोपऱ्यात शिडी आवरत होते. ते निघून जाऊ पाहत होते.

“कॅझ, इकडे ये. ही ओळ तूच कोरलीस ना?”

“हो.”

बाईंनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवले. “सुरेख कोरलीयस. एक अक्षर वाकडं नाही.”

कॅझनी मान खाली घातली. “लोर्ना, मी...”

“जा, शिडी ठेव जागेवर. नाही तर कोणी तरी अडखळून पडेल.”

पुढच्या महिन्यात मुख्यालयाकडून पितळी पट्टी आली : ‘शंभर टक्के स्वेच्छा सहभाग, १९९८’. ती माझ्या तळाशी, बरोबर त्या कोरलेल्या ओळीवर बसवण्यात आली. चार स्क्रू गेले. त्यांतला एक ‘काहीही’ या शब्दातून आरपार गेला. तो कोणी पिळला ते सांगायला नको. चारही स्क्रूंच्या खाचा एका रेषेत होत्या. खासदार पुन्हा निवडून आले. धुळीचा नियम पुढे ढकलला गेला. डेल टिबेट दुसरा हिवाळा पाहू शकला नाही. त्याच्या अंत्यविधीला कारखान्याकडून फुले आली होती, असे कोणी तरी कॉफी ओतताना म्हणाले.

२००३ मध्ये भिंतीवर दूरचित्रवाणीचा पडदा आला आणि मला साच्यांच्या माळ्यावर टाकण्यात आले. फाउंड्री त्याआधीच बंद झाली होती, नियम न येताच. आता माझ्या फळ्यांचे जोड उकलले आहेत आणि लाल रंगाच्या खपल्या पडत आहेत. माझे तळाचे लाकूड तेवढे पितळेखाली कोरडे राहिले आहे.

मित्रांनो, मला नवा रंग नको, पुन्हा भिंतही नको. माळ्यावर कधी आलात तर एक स्क्रूड्रायव्हर घेऊन या आणि ते चार स्क्रू काढा. खालची ओळ मोठ्याने वाचा. आणि पुढे कुठेही भरलेला पारा दिसला, तर वर पाहण्याआधी खाली पाहा. एकूण किती माणसे मोजली आणि ती कोणी मोजली, ते विचारा. हा प्रश्न एकोणीस वर्षांत मला एकानेही विचारला नाही.

मुख्यालयाच्या नोंदीत त्या वर्षीचा माझा निकाल असा आहे : २११ पैकी २११.