मुद्द्याचं तेवढं

जकार्तात रेत्नो सहा सेकंदांच्या जाहिराती लिहायची. गावाकडून आईचे व्हॉइस मेसेज यायचे, ते कोंबड्यांपासून सुरू होऊन शेजारच्या लग्नापर्यंत जायचे. एकदा ती वैतागलीच. "आई, मुद्द्याचं तेवढं बोल. लोक तीन सेकंदांत पुढे सरकतात."

"मी काय साबण विकतेय का?" आई हसली, पण शिकली. मग मेसेज यायचा, "बरी आहे. जेवून घे." रेत्नोने तो ऑफिसात कौतुकाने ऐकवलाही होता.

मग एके दिवशी आई पोटाच्या दुखण्याने अचानक गेली. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी शेजारच्या सुमियाती मावशींबरोबर भाताचे डबे भरताना रेत्नोला राहवेना. "एवढं पोट दुखत होतं, तर मला का नाही कळवलं तिने?"

मावशींनी हातातला डबा खाली ठेवला. "रोज सगळं आधी मला सांगायची, पोरी. मग विचारायची, यातलं काय गाळू? मी म्हणायचे, बाकी सगळं गाळ, दुखण्याचं तेवढं ठेव. तर म्हणायची, छे, ते तीन सेकंदांत कुठलं मावायला."