चिकटलेली दोन पानं

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आहे. माझं कव्हर गेलं, कडा वाळवीने खाल्ल्या, त्याचं मला फारसं वाटत नाही. लाज वाटते ती बेचाळिसाव्या पानाची.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. पूर्णगडची कमळा माझ्या जिवावर दहावी झाली. तिने मला मिरकरवाड्यातल्या मावसबहिणीला, राहीला दिलं. ते साल होतं १९८४. राहीला नर्सच्या शिक्षणाला जायचं होतं. दहावीला इंग्रजीत नापास झाली, तर आई गुणवंतीबरोबर माशांची पाटी डोक्यावर घ्यायची, हे घरात ठरलेलंच होतं.

बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना राही आईची पाटी राखत बसे आणि मला मांडीवर उघडून वाचे. एकदा बर्फाचं पाणी माझ्यावर सांडलं. तिने मला उन्हात वाळवलं, पण मागची उत्तरांची दोन पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

बेचाळिसाव्या पानावर बारावा स्वाध्याय होता. क्रियापदाआधी 'टू' लावायचं की शेवटी 'आयएनजी', ते ठरवायचं. ए किंवा बी. राहीने मन लावून वीस उत्तरं पेन्सिलीने लिहिली. मग मागे पाहिलं. पानाच्या तळाशी 'स्वाध्याय बारा' एवढंच शीर्षक होतं. पान उलटलं, तर समोर तेराव्याची उत्तरं! खरी उत्तरं आणि तेराव्याचं शीर्षक चिकटलेल्या पानांत अडकलं होतं. समोरची उत्तरंही ए-बीचीच, म्हणून राहीने ती बाराव्याचीच समजली. तिला वाटलं, आपली अकरा चुकली.

"आये, मला वाटतं माजंच बरोबर हाय," ती म्हणाली.

"छापल्यालं खोटं कसं आसंल गो? येवडी शिकल्याली मानसं लिवतात ती. खोड तुजं!"

राहीने खोडलं. मग मागे छापलेली उत्तरंच तिने पाठ केली.

परीक्षेत त्यातलीच वाक्यं आली. राही इंग्रजीत तीन गुणांनी नापास झाली.

जूनमध्ये गुणवंती सुके बोंबील बांधायला माझी पानं फाडू लागली. फाडताना ती दोन पानं सुटी झाली. राहीने पाहिलं आणि मला हिसकावून घेतलं. खोडलेल्या खुणांशी तिने एकेक उत्तर ताडून पाहिलं.

"म्हंजे तुजंच बरोबर व्हतं?"

राहीने मान डोलावली.

"आनि मीच तुला खोडाय लावलं," असं म्हणून गुणवंतीने पदर तोंडाला लावला. दोष माझा होता, आणि रडत होती ती.

राहीने ऑक्टोबरमध्ये पुन्हा परीक्षा दिली आणि पास झाली. पुढे ती नर्सही झाली. मला मात्र तिने टाकलं नाही.

मित्रांनो, मला पाण्यापासून जपा. आणि माझं म्हणणं पटलं नाही, तर खोडण्याआधी बाईंना विचारा. राहीने रबर घासलेल्या जागी माझा कागद पातळ झाला आहे. मला उजेडात धरलं, की तिची ती अकरा बरोबर उत्तरं अजून दिसतात.