वरून भरला, आतून रिता

मैत्रेयीला घरूनच केक सजवून द्यायचा धंदा सुरू करायचा होता. यवतमाळला जाऊन ती कला शिकून आली. पण बाभुळगावात नव्या हाताला काम कोण देतो? मंगल कार्यालय चालवणाऱ्या शोभाताईंनी सरळच सांगितलं, "रविवारी फोटोंचा अल्बम घेऊन ये. पसंत पडला तं गिऱ्हाईकांले तुहं नाव सांगीन."

अल्बमला केक हवेत. अन् त्या साली बोंडअळीनं कापूस आतून पोखरलेला. गावातले वाढदिवस शिऱ्यावर भागत होते. रोज केक भाजणं कुठलं परवडायला! मैत्रेयीनं शेजारच्या कांताबाईंचा स्टीलचा डबा मागून आणला, पाटावर उपडा घातला आणि त्यालाच क्रीम लावू लागली. आज गुलाब, उद्या मोर. फोटो काढायचा, क्रीम खरवडायची, पुन्हा नटवायचं. डबा एकच, पण रोज नवी नवरी.

शेवटचं पान तिनं कापसासाठी राखलं. हिरव्या पानांत हसणारी पांढरीशुभ्र बोंडं पाहून नवरा रवी म्हणाला, "वावरात नाई, तं डब्यावर तरी पिकला!" अन् फोटो काढायचा घरातला एकुलता फोन खिशात घालून आपल्या सायकल-दुकानाकडं निघून गेला. फोटो राहिलाच. मैत्रेयी त्याच्यामागं धावली.

तेवढ्यात कांताबाई डबा न्यायला आल्या. डबा दिसेना, केक दिसला. शेजीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही जुनी रीत. "डब्यासंगं द्याले केला असन पोरीनं," म्हणत त्या पाटच उचलून घेऊन गेल्या. नातीला मांडीवर घेतलं, आळीतली लेकरं भोवती बसवली, चाकू चालवला.

टण्ण!

मैत्रेयी न् रवी शोधत पोचले, तर कांताबाईंचा चाकू अधांतरी.

"काहून वं, तुहा केक वाजून राह्यला?"

"काकू, तो तुमचाच डबा हाय," मैत्रेयी रडवेली झाली.

कांताबाईंनी डब्याकडं पाहिलं, चाकूकडं पाहिलं, आणि सूर धरला :

"शेजीचा डबा आला, कापसानं नटून,
वरून भरला बाई, रिता गं आतून!"

सगळं अंगण हसत सुटलं. नातीच्या नाकावर क्रीम, कांताबाईंच्या डोळ्यांत पाणी. रवीनं तेवढ्यात फोटो काढला.

बोंडं मोडली होती. दुसरा फोटो नव्हता. मैत्रेयीनं तोच शेवटच्या पानावर लावला.

रविवारी शोभाताईंनी गुलाब, मोर भराभर उलटले अन् त्या पानावर थांबल्या. "लय हसून राह्यले हे लोक. आतून कसा होता केक?"

मऊ होता म्हटलं असतं, तर कोण पाहायला येणार होतं? पण तोंडून खरंच निघालं. "ताई, आत डबा होता. सगळ्याच फोटोत डबाच हाय."

"मंग भाजता येते का नाई तुले?"

मैत्रेयीनं पिशवीतून डबा काढला. त्या दिवशी कांताबाईंकडून तिनं तो पुन्हा मागून आणला होता; रिता परत द्यायचा नाही, म्हणून सकाळीच केक भाजून तो सुलटा, काठोकाठ भरला होता. शोभाताईंनी एक तुकडा तोंडात टाकला, मग दुसरा.

"पुढल्या आठवड्यात बारसं हाय कार्यालयात. हाच कापूस काढजो केकावर. पण वाजू देऊ नको!"

घरी येताना मैत्रेयीनं डबा कांताबाईंच्या हाती ठेवला. त्यांनी आधी बोटानं टिचकी मारून पाहिली.

"हं," म्हणाल्या, "आता बोलत नाई. भरला, बाई."