उरलेल्या आभाळाचा फ्रॉक

मित्रांनो, मी एक जुना निळा फ्रॉक आहे. माझी काखेतली शिवण उसवली आहे, कॉलर पिवळी पडली आहे. पण निळा रंग तसूभरही उतरलेला नाही. त्याचीच मला लाज वाटते.

माझं कापड मुळात एका सिनेमासाठी रंगवलेलं. त्यात एक गोष्टीवेल्हाळ माणूस आपल्या आजारी बायकोला सतत गोष्ट सांगायचा, कारण गोष्ट थांबली की तिचा श्वास थांबणार होता. काचेचे डोंगर होते, सोन्याची झाडं होती आणि त्याच्या अंगावर आभाळासारखा निळा झगा होता. तो झगा माझ्या छोट्या मालकिणीच्या, चिमणीच्या मामानं रंगवला आणि तिच्या आईनं शिवला. दोघं सख्खी भावंडं, एकाच स्टुडिओत कामाला.

"ताई, उरलेला तुकडा जपून ठेव हं," मामा म्हणायचा. "हाच निळा पुन्हा येत नाही."

सिनेमा पुरा झाला असं कळलं, तेव्हा आईनं तो तुकडा घरी आणला आणि त्यातून चिमणीसाठी मला शिवलं. चिमणीच्या अंगावर आजवर थोरल्या बहिणींचे उतरलेलेच कपडे. मला घालून ती आरशापुढून हलेना.

आणि दिग्दर्शकाला शेवटचा प्रसंग पुन्हा घ्यावासा वाटला! त्या गडबडीत मशालीनं झगा छातीवर जळला. मामानं नवं कापड रंगवलं, पण पडद्यावर ठिगळ डोळ्यांत खुपू लागलं.

दुपारी मामा धापा टाकत दारात आला. "ताई, तो तुकडा दे. उद्या नाही दिला तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज."

"अरे, मी स्टुडिओतल्या कपाटातच ठेवला होता," आई म्हणाली. "तिथंच नीट बघ."

आत चिमणी मला घालूनच झोपली होती. मामा गेल्यावर आई कात्री घेऊन आली. तिनं माझा घेर हातात धरला. चिमणीनं झोपेतच मला मुठीत आवळलं. आईनं कात्री खाली ठेवली.

मामाची नोकरी गेली. कापड त्यानंच हरवलं, असं सगळ्यांनी धरलं.

पुढच्या रविवारी तो आला, तर चिमणी धावत पुढं. "मामा, बघ माझा फ्रॉक!"

आईच्या हातातला पेला तसाच राहिला. मामानं माझी कड दोन बोटांत धरून उन्हाकडे फिरवली.

"घेर मस्त आलाय गं," तो म्हणाला. "तुझी आई म्हणजे हुशारच."

"मामा, त्या सिनेमातल्या बाईचं काय झालं रे?"

त्यानं माझी कड हळूच सोडली. "वाचली. नवऱ्यानं गोष्ट सोडलीच नाही ना!"

सिनेमात ती वाचत नव्हती.

मामा मग जन्मभर छत्र्यांच्या कापडाला काळा रंग देत राहिला. त्यानं कधी विचारलं नाही. आईनं कधी सांगितलं नाही. मी तर कापडच.

आता चिमणी स्वतः आजी झाली आहे. मला मलमलीत गुंडाळून ठेवते आणि नातवंडांना सांगते, "माझ्या आईनं किती मायेनं शिवला होता!" खोटं नाही ते.

मित्रांनो, आपले कपडे जरूर जपा. पण कुणाची माफी मागायची असेल, तर तो दारात उभा आहे तोवर मागा. आईनं ती मागितली, तेव्हा समोर मामाचा फोटो होता.