हातावरचं दही

"सात वर्षांत मी सायलीला एकदाही पाडलेलं नाही," निवड चाचणीच्या सकाळी मी यूट्यूब चॅनलवाल्या बाईंना छातीठोकपणे सांगितलं. आणि ते खरंही होतं. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत.

आम्ही जोडीने स्केटिंग करतो. चाकांवरचं, नाशकात बर्फ गोळ्याच्या गाडीवरच मिळतो. मी सायलीला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचं, तिने वर हात पसरायचे, आणि तसंच मी रिंकभर गोल फिरायचं. पंचवटीतले लोक विचारतात, "लग्न कधी?" सायली म्हणते, "ह्याच्याशी? हा मला नुसता उचलतो."

वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. आज निवड झाली तर राज्य स्पर्धा, नाहीतर स्केट कपाटावर.

आमचं नाव पुकारलं आणि माझी आत्या धोंडाबाई स्टीलचा डबा घेऊन थेट रिंकच्या कठड्याशी आली.

"थांब रे ज्ञानेश! दही-साखर घेतल्याशिवाय जायचं नाय."

"आत्या, नाव पुकारलं!"

"मग पटकन चाट."

दहावीच्या पेपरापासून आत्या असंच करते. तिने माझ्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. मी चाटलं. उरलेलं पँटला पुसावं, तर ती काळी मखमली पँट सायलीने स्वतः शिवलेली. म्हणून मी दोन्ही हात एकमेकांवर चोळले.

सायली वर गेली. तिने हात पसरले. टाळ्या पडल्या. मग सायली पडली.

पडली ती पंचांच्या टेबलावर. तीन कप चहा आणि एक प्लेट खारी घेऊन ती पलीकडे उतरली. कोपर खरचटलं, बाकी ठीक.

आमचे कोच किशोर सर धावत आले. "काय झालं?"

आणि मी, सात वर्षांपासूनचा जोडीदार, काय बोललो?

"तिच्या अंगाला घाम होता, सर. सटकली."

सायलीने माझ्याकडे बघितलं. मी पकडलं होतं तिथे तिच्या कमरेला काहीतरी चिकट लागलं होतं. तिने बोट लावलं आणि चाखलं.

"ज्ञान्या, माझा घाम गोड कधीपासून झाला रे?"

कठड्यावरून आत्या ओरडली, "साखर मी मापात घातली होती हां!"

सगळी रिंक हसली. चॅनलवाल्या बाईंनी मोबाइल आणखी जवळ आणला. मला वाटलं, स्केट काढून अनवाणीच हरसूलच्या डोंगरात निघून जावं. पण सायली कोपरावर रुमाल धरून उभी होती आणि तिने मला एक शिवीही दिली नव्हती. त्याचीच जास्त लाज वाटली.

मी पंचांसमोर गेलो. "मॅडम, घाम खोटा. चूक माझी. हाताला दही होतं. तिचं वर्ष वाया घालवू नका."

मुख्य पंच सविता मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं. "दह्याबद्दल काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढला. "सगळ्यांच्या शेवटी आणखी एक संधी देते. मुलीसाठी, तुझ्यासाठी नाही."

मी साबणाने तीनदा हात धुतले. आत्याला किशोर सरांनी डब्यासकट गॅलरीत नेऊन बसवलं.

"या वेळी पाडलंस ना," सायली म्हणाली, "तर तुझ्या आत्याच्या डब्यातच बुडवीन तुला."

"नाही पाडणार. शप्पथ."

सायली वर गेली. मी धरलं ते असं घट्ट, की तिचा श्वास अडकला. एक फेरी झाली, दोन झाल्या. टाळ्या पडायला लागल्या.

"बास, उतरव," ती वरून म्हणाली.

माझी बोटं उघडेनात. तिला खाली घ्यायचं म्हणजे पकड सैल करायची, आणि तेवढंच मला जमेना. गाणं संपलं.

"ज्ञान्या, उतरव! गेट!"

रिंकचं गेट उघडं होतं. ती तशीच माझ्या डोक्यावर, आणि आम्ही गेटबाहेरच्या उतारावरून थेट रस्त्यावर गेलो आणि कोथिंबिरीच्या हातगाडीवर आदळलो. कार्यक्रम रिंकच्या बाहेर संपवला म्हणून आम्हाला बाद केलं.