साध्या पाण्यातली साक्ष

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे. दुधात पाणी घातले आहे का, हे पाहायला डेअरीत काचेची एक नळी बुडवतात, ती तुम्ही पाहिली असेल. ती माझी चुलत बहीण. ती दूध जोखते, मी बिअर जोखतो. वीतभर उंची, फुगीर पोट, पोटात शिशाचे बारीक छर्रे आणि वर पेन्सिलीएवढी मान. मानेच्या आत कागदाची पट्टी आणि तिच्यावर आकडे. दिसायला मी इतका किरकोळ की पहिल्यांदा पाहणारे लोक मला ताप मोजायची नळी समजतात. पण एक गोष्ट मी छाती पुढे काढून सांगेन. आजवर मी एकदाही खोटे बोललेलो नाही.

माझा जन्म काचेच्या एका कारखान्यात झाला. निळ्या ज्योतीवर एका कारागिराने मला फुंकून फुगवले. मग एका बाईने चिमट्याने कागदाची पट्टी माझ्या मानेत सरकवली, मला पाण्यात सोडले, पट्टी केसभर वर केली, केसभर खाली केली. पाण्याची रेघ बरोबर एक हजारावर आली, तेव्हाच तिने माझी मान वितळवून बंद केली.

"जा आता," ती म्हणाली. "आता तुझा आकडा कोणाच्या बापाला हलवता यायचा नाही."

तिथून मी एका खोक्यात शिरलो. नळ बसवलेली प्लास्टिकची मोठी बादली, लांब दांड्याचा चमचा, बाटल्यांची बुचे, माल्टचा एक डबा आणि मी, असा आमचा घरी बिअर बनवायचा संच होता. तो संच न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, विंटन गावात, लॉकी गिल्क्रिस्टच्या घरी आला. लॉकीने चौतीस वर्षे रेल्वेचे इंजिन चालवले होते. निवृत्त झाल्यावर तो दिवसभर खिडकीत उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा. ते पाहून त्याची मुलगी आयल्सा वैतागली आणि नाताळात तिने हा संच त्याच्या हातात ठेवला.

"बाबा, गाड्या पुरे झाल्या. हे बनव," ती म्हणाली. "माझ्या लग्नात तुझीच बिअर द्यायची."

"आधी नवरा तर शोध," लॉकी म्हणाला.

"तुझी बिअर जमेपर्यंत शोधते."

आमचे काम तसे सोपे होते. डब्यातला माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा अर्क, काकवीसारखा दाट आणि काळपट असे. तो बादलीत ओतायचा, त्यावर उकळते पाणी आणि किलोभर साखर, मग रेघेपर्यंत गार पाणी, आणि शेवटी यीस्टची पुडी भुरभुरायची. झाकणावरच्या वाकड्या नळीतून बुडुक बुडुक आवाज येऊ लागला की यीस्टने साखर खायला सुरुवात केली असे समजायचे. लागर जातीच्या बिअरला थंडी लागते आणि सवडही लागते. म्हणून बादली कपडे धुण्याच्या खोलीत, गार फरशीवर ठेवलेली असे. थोडी बिअर उंच नळकांड्यात काढून लॉकी मला तिच्यात सोडायचा. भरपूर साखर असली की मी उंच तरंगतो, एक हजार चाळीसवर. साखर संपत जाते तसा मी बुडत जातो. एक हजार दहावर आलो आणि तीन दिवस तिथेच राहिलो की बिअर बाटल्यांत भरायची. जगात सगळ्यांचे कौतुक वर चढण्याबद्दल होते. माझे कौतुक मात्र बुडण्याबद्दल व्हायचे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

आमचा शेजारी तामाती पोहातू. त्याने आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कापली होती. दर शनिवारी तो तिती नावाचे खारवलेले समुद्रपक्षी घेऊन कुंपणावरून डोकवायचा.

"लॉकी, लेका, वाटोळं केलंस माझं," बिअर पिऊन तो म्हणायचा. "पबातली बिअर आता घशाखाली उतरत नाही."

"मग नको येत जाऊस."

"न येऊन सांगतो कोणाला? बायकोला?"

अशी तीन वर्षे सुखात गेली. मग लॉकीच्या डोळ्यांपुढे धुके साचू लागले. मला ते सगळ्यांच्या आधी कळले, कारण दुसऱ्या कोणाकडेही तो इतक्या जवळून पाहत नव्हता. तो मला खिडकीकडे धरायचा, मान तिरकी करायचा, डोळे बारीक करायचा आणि शेवटी म्हणायचा, "एक हजार दहा." मी काहीही दाखवत असलो तरी त्याचे उत्तर ठरलेले असायचे. त्याचा बाप शेवटची नऊ वर्षे आंधळा होता, ताट चाचपून जेवायचा. लॉकीला आपल्यापुढेही तेच दिसत होते. त्याने कोणालाच काही सांगितले नाही.

पुढे आयल्साला नवरा मिळाला. लग्न जानेवारीत ठरले. आमच्याकडे जूनमध्ये कडाक्याची थंडी पडते. त्या जूनमध्ये लॉकीने लग्नाची बिअर लावली. पण यीस्ट गारठून मध्येच झोपी गेले आणि मी एक हजार बावीसवर अडकलो. लॉकीने मला उजेडात धरले.

"एक हजार दहा!" तो म्हणाला.

मी ओरडलो असतो, पण काचेला कुठले तोंड? त्याने तीस बाटल्या भरल्या, फेस यावा म्हणून प्रत्येकीत चमचाभर साखर घातली आणि बुचे ठोकली.

ऑक्टोबरात वायव्येचा गरम वारा सुटला आणि बाटल्यांमधले यीस्ट जागे होऊन उरलेली साखर खाऊ लागले; बुचाखाली वायू कोंडत गेला. रविवारची दुपार होती. बाटल्या कपडे धुण्याच्या खोलीतच होत्या, आणि लॉकीची बायको नेट्टा ओल्या चादरींची टोपली घेऊन तिथून बाहेर पडत होती. एक चिमटा खाली पडला म्हणून ती वाकली, आणि त्याच क्षणी पहिली बाटली फुटली. मग दुसरी, मग पाच-सहा एकदम. तामाती कुंपण ओलांडून धावत आला.

"काय रे, लढाई सुरू झाली की काय?"

कोणी हसले नाही. दाराच्या लाकडात काचेचा एक तुकडा घुसला होता. नेट्टा वाकली नसती तर तिचा गाल बरोबर त्याच उंचीवर असता. लॉकी तो तुकडा बोटांनी चाचपत होता.

"ही नळीच खोटारडी निघाली," तो म्हणाला. "मी दहा वाचलं होतं. चक्क दहा!"

त्याने मला मोडक्या चमच्यांच्या खणात फेकले. मित्रांनो, अडगळीत पडल्याचे मला एवढे दुःख झाले नाही. पण माझ्यावर खोटेपणाचा आळ आला, तो मला सहन होईना. खणातून मला ऐकू यायचे. "बिअर दुकानातून आणू," असे लॉकी आयल्साला फोनवर सांगत होता.

स्वतःच्या लग्नाआधी नेट्टा सहा वर्षे दूध कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत कामाला होती. असल्या नळ्या तिने हजारो वेळा हाताळल्या होत्या. आठवडाभराने तिने मला खणातून काढले, उजेडात धरून तडा शोधला, धुतले आणि नळाच्या साध्या पाण्यात सोडले. मी एकदा डुललो आणि एक हजारावर स्थिर झालो. तिने मला गोल फिरवून पुन्हा सोडले. पुन्हा एक हजार. तिसऱ्यांदाही एक हजार. मी इतका ताठ कधीच उभा राहिलो नसेन.

नेट्टाने नळकांडे उजेडाकडे सरकवले. मग तिने हाक मारली.

"लॉकी, जरा ये रे. हा आकडा बघ."

लॉकी आला, वाकला, त्याने मान तिरकी केली.

"एक हजार दहा," तो म्हणाला.

"लॉकी, हे नळाचं पाणी आहे."

लॉकी खुर्ची चाचपत खाली बसला.

"किती दिसतं तुला?" तिने विचारले.

"तुझा आकार दिसतो."

"नुसता आकार? आणि परवा मला गाडीतून चर्चला घेऊन गेलास!"

"रस्ता पाठ आहे मला."

"रस्त्यावरच्या गाईंना पाठ नाहीये, लॉकी!"

तो हसला नाही. टेबलाकडे पाहत म्हणाला, "बाबा नऊ वर्षं त्या खिडकीत बसले होते, नेट्टा. वाटलं, बोललो नाही तर होणार नाही."

नेट्टाने मला पाण्यातून काढून पुसले आणि अलगद टेबलावर ठेवले. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तिने कडकच ठेवला.

"बाबांना कोणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. तुला मी नेणार आहे. गाडी तामाती चालवेल. आणि या बिचाऱ्या नळीला पुन्हा खोटारडी म्हणालास तर बघ!"

जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत, ऑपरेशनने दिसेल, पण नंबर मार्चमध्ये लागेल. लग्न जानेवारीत होते. घरी आल्यावर कोट न काढताच नेट्टा म्हणाली, "माल्टचा डबा आहे का अजून एक?"

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे. हात लॉकीचे आणि डोळे नेट्टाचे. पण या वेळीही मी एक हजार वीसवर अडकलो. चार दिवस जागचा हललो नाही.

"बुडबुडे थांबलेत. भरून टाका," तामाती म्हणाला. "बाटलीत मुरायला निदान दीड महिना हवा. लग्न काय थांबणार आहे?"

लॉकी घुटमळला. दिवस खरोखर थोडे होते, आणि मुलीला दिलेला शब्द आधीच एकदा मोडला होता.

"नेट्टा, तू काय म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. हा वीस म्हणतोय. वीस असताना मी एकही बाटली भरू देणार नाही, मग लग्नात चहा प्यावा लागला तरी चालेल."

तिघांनी मिळून बादली उचलून स्वयंपाकघरातल्या कोळशाच्या शेगडीजवळ आणली. नेट्टाने ती हळूच डुलवली आणि भोवती जुने घोंगडे गुंडाळले. दुसऱ्या दिवशी झाकणावरची नळी पुन्हा बुडुक बुडुक करू लागली. मी सोळावर आलो, मग बारावर, मग दहावर. नेट्टा रोज गुडघे टेकून, डोळे पाण्याच्या रेघेशी आणून मला वाचायची. तीन दिवस सलग दहा आल्यावर ती म्हणाली, "भर आता." मग लॉकीने एकही थेंब न सांडता तीस बाटल्या भरल्या.

लग्न गावच्या हॉलमध्ये झाले. चीजचे गरम रोल होते, तामातीचे तिती पक्षी होते, आणि प्रत्येक टेबलावर आमची सोनेरी, नितळ बिअर. मला नेट्टाने पर्समध्ये, रुमालात गुंडाळून आणले होते. एक घोट घेऊन नवऱ्या मुलाचा काका म्हणाला, "हे घरी बनवलंय? थापा मारू नका!" मी रुमालात फुगून गेलो.

मग लॉकी बोलायला उभा राहिला. दोन-चार शब्द बोलून बसेल असे सगळ्यांना वाटले होते.

"बिअर चांगली झाली असेल तर ती हिच्यामुळे," तो नेट्टाकडे हात करून म्हणाला. "मला आकडा वाचता येत नाही. वर्षभर येत नव्हता. मी अंदाजाने सांगत होतो, आणि त्यापायी ही मरता मरता वाचली. आयल्सा, मला इथून तुझा चेहरा दिसत नाहीये. पण तू रडतेयस, हे ऐकू येतंय."

आयल्सा धावत आली आणि त्याच्या अगदी नाकासमोर उभी राहिली.

"आता दिसते?"

"आता दिसतेस," लॉकी म्हणाला. "आईवर गेलीयस."

ऑपरेशन नीट पार पडले. त्यानंतरच्या थंडीत पुन्हा बादली लागली. आकडा वाचायला दोघेही एकदमच वाकले.

"एक हजार दहा," नेट्टा म्हणाली.

"बारा," लॉकी म्हणाला. "चष्मा पूस बरं."

नेट्टाने चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाकली.

"बारा," ती शेवटी म्हणाली, आणि दोघेही पोट धरून हसले.

मी बारावरच होतो, मित्रांनो.

आज माझ्या पट्टीचा कागद पिवळा पडला आहे, पण आकडा अजून केसभरही हललेला नाही. माझ्यासारखे कोणी तुमच्या घरी असेल तर त्याला उकळत्या पाण्यात घालू नका, कोमट पाण्याने धुवा आणि कापसात ठेवा. संशय आला तर खुशाल साध्या पाण्यात उभे करा, आम्हांला राग येत नाही. आणि आकडा दिसत नसेल तर 'दिसत नाही' असे सरळ म्हणा. शेजारी कोणीतरी चष्मा पुसत उभे असतेच.